फूल की चिडिया?

बॅडमिंटनच्या शटलला आमच्या गावात तीन नावं आहेत. मराठी घरांतली मुलं त्याला फूल म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात, जिथं घरी दखनी बोलली जाते, तिथं ती चिडिया असते. आणि स्पर्धेचं पत्रक येतं तेव्हा त्यात शटलकॉक लिहिलेलं असतं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते. एका वस्तूला तीन शब्द दिसले की माझं लक्ष तिथं जातंच. मराठीत ते नपुंसकलिंगी, उर्दूत ती स्त्रीलिंगी, आणि मुली खेळताना दोन्ही एकाच वाक्यात वापरतात: “चिडिया जाळीला लागली, फूल तुझ्याकडंच पडलं.”

गेल्या वर्षभरात मात्र मला कळत गेलं की इथं नुसते शब्दच वेगळे नाहीत, वस्तूही दोन आहेत. एक पिसांची, एक नायलॉनची. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. वजन जवळपास तेवढंच, रॅकेट तीच, कोर्ट तेच. हवेत गेल्यावर मात्र दोघांच्या दोन तऱ्हा. या दोन तऱ्हांमधल्या फरकापायी आमच्या शाळेतल्या एका मुलीचा खेळ जवळजवळ सुटला होता. म्हणून हा लेख.

ज्यांनी पोखर्णी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. परभणीहून गंगाखेडकडे जाताना आमचं गाव लागतं. नृसिंहाच्या देवळामुळे ते सगळ्यांना माहीत आहे, रेल्वे स्टेशनलाही त्याच नावाने ओळखतात. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, ज्वारी. बॅडमिंटनसाठी बंद हॉल नाही. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की शाळेच्या मागे दोन बांबू रोवायचे, जाळी बांधायची, फक्कीने रेषा आखायच्या आणि खेळायचं. मागच्या भिंतीमुळे रस्त्यावरून काही दिसत नाही, त्यामुळे आठवी-नववीच्या मुलींनाही घरून परवानगी मिळते. ही भिंत आमच्यासाठी जाळीइतकीच महत्त्वाची आहे.

बहुतेक मुलींची पहिली बॅट परभणीच्या उरुसातून आलेली असते. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तिथल्या खेळण्यांच्या दुकानांत रॅकेटची जोडी आणि सोबत एक-दोन प्लास्टिकची फुलं मिळतात. ती फुलं खेळण्यातली, फार दिवस टिकत नाहीत. मग खऱ्या नायलॉनच्या फुलांची नळी आणावी लागते. एक नायलॉनचं फूल आमच्याकडे आठवडाभर, कधी दोन आठवडे चालतं. पिसाचं फूल जोरात खेळणाऱ्यांच्या हातात एका-दोन गेममध्ये संपतं, आणि बऱ्यापैकी पिसांची नळी आता हजार रुपयांच्या पुढे जाते. तेव्हा गावात नायलॉन का वापरतात हे वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण वारा. शटल उंचावरून सोडलं तर त्याचा वेग वाढत वाढत सेकंदाला साधारण पावणेसात मीटरवर येऊन थांबतो. हवेचा विरोध इतका की त्यापेक्षा जोरात ते पडूच शकत नाही. ताशी सांगायचं तर सुमारे २४ किलोमीटर. आता आमच्या मैदानावर ताशी १० किलोमीटरचा वारा ही काही मोठी गोष्ट नाही, झाडाची पानं हलतील एवढाच तो असतो. पण उंच मारलेलं फूल खाली यायला सेकंदभर तरी घेतं, आणि तेवढ्या वेळात हा वारा त्याला अडीच-तीन मीटर बाजूला नेऊ शकतो. एकेरीच्या कोर्टाची रुंदी ५.१८ मीटर. म्हणजे निम्मं कोर्ट गेलं! म्हणून आमच्या मुली सकाळी शाळा भरायच्या आधी किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर खेळतात, आणि तरीही वारा कुठून येतोय ते ओढणीचं टोक पाहून ठरवतात. अशा हवेत महागडं पिसाचं फूल काढणं म्हणजे पैसे उडवणं.

आता दोन्ही फुलं जवळून पाहू. पिसाच्या फुलात १६ पिसं असतात, हंसाची किंवा बदकाची. ती सगळी एकाच बाजूच्या पंखाची निवडतात, बहुतेक डाव्या. कारण प्रत्येक पिसाला स्वतःची वक्रता असते. दोन्ही पंखांची पिसं मिसळली तर ती एकमेकांच्या विरुद्ध वळतील आणि फूल हवेत डगमगेल. एका बाजूची पिसं एकावर एक तिरकी बसवली की फूल उडताना स्वतःभोवती फिरतं आणि त्या फिरण्यामुळे सरळ जातं. पिसांचे दांडे पातळ चामडं चढवलेल्या बुचात खोवलेले असतात आणि दोऱ्याच्या वेढ्यांनी, सरसाने पक्के केलेले असतात. नियमाप्रमाणे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, पिसांची लांबी ६२ ते ७० मिलिमीटर.

नायलॉनच्या फुलात पिसांच्या जागी साच्यातून काढलेला जाळीदार घेर असतो. खाली बूच किंवा फोम. बुचाभोवती रंगीत पट्टी: हिरवी म्हणजे संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. पिसांच्या फुलांना रंगाऐवजी आकडे असतात, ७६, ७७, ७८ असे. आकडा जितका मोठा तितकं फूल वेगवान.

नियमांच्या पुस्तकात यावर एक वाक्य आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे. शटल नैसर्गिक असो वा कृत्रिम, त्याचं उडणं हे चामडं चढवलेल्या बुचाच्या, पिसांच्या शटलशी साधारणपणे सारखं असावं, असं नियम म्हणतो. कृत्रिम पदार्थांचे गुण वेगळे म्हणून मापात आणि वजनात १० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतो. नियम लिहिणाऱ्यांनी “साधारणपणे” हा शब्द विचार करूनच घातला असणार. पण नववीतल्या मुलीला हा एक शब्द किती महाग पडू शकतो, ते मी पाहिलं.

ती मुलगी दोन वर्षं आमच्या भिंतीमागे खेळत होती. हात चांगला, पायही चपळ. शाळेतली मुलंसुद्धा तिच्याशी खेळायला कचरायची. परवापरवापर्यंत तिचे वडील “खेळून काय मिळणार” म्हणायचे, पण तिला स्पर्धेला पाठवायला तयार झाले. स्वतः सोबत आले. हॉल बंद, वर दिवे, खाली लाकडी जमीन, आणि नळीतून निघालं पांढरंशुभ्र पिसांचं फूल. तिने त्याआधी असलं फूल हातात धरलं नव्हतं.

समोरची मुलगी तिच्यापेक्षा फार सरस होती असं मला तरी वाटलं नाही. पण आमची मुलगी प्रत्येक फुलासाठी एक पाऊल मागे उभी असायची. तिच्या डोळ्यांना सवय होती की उंच आलेलं फूल अजून थोडं पुढे सरकत येईल. हे फूल वर जायचं, थबकायचं आणि सरळ खाली यायचं, तिच्या पुढ्यात. जाळीजवळचं फूल ती नेहमीच्या हलक्या हाताने उचलायची, आणि ते जाळीतच अडकायचं. दोन गेम वीस मिनिटांत संपले. परत येताना जीपमध्ये वडील एवढंच म्हणाले, “हो गया ना शौक पूरा? अब पढाई.”

ती हरली याचं मला वाईट वाटलं नाही. स्पर्धेत कुणीतरी हरतंच. मला खटकलं ते हे की वडिलांनी त्या वीस मिनिटांवरून तिच्या दोन वर्षांचा हिशेब लावला. त्या दिवशी नेमकं काय झालं हे त्यांना समजावून सांगायचं तर आधी मला स्वतःला ते नीट माहीत हवं होतं.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी खेळतो. त्याच्याकडून पिसांची एक नळी मागवली. परभणीहून नायलॉनची हिरवी, निळी, लाल अशी तिन्ही आणली. गावातलं एक मंगल कार्यालय लग्न नसेल त्या दिवशी रिकामं असतं. मालकांनी चावी दिली. पत्र्याचं छप्पर बऱ्यापैकी उंच, आणि दारं लावली की वारा नाही. १३.४० मीटर लांबीचं कोर्ट फक्कीने आखलं. शाळेत खेळ घेणारे सर आणि चार मुली सोबत होत्या.

शटल बरोबर वेगाचं आहे की नाही हे पाहायची रीत नियमातच दिलेली आहे. मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर पूर्ण ताकदीने मारायचं. फूल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३ ते ९९ सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडलं तर ते बरोबर. आम्ही हा पट्टा खडूने रंगवला. सरांनी प्रत्येक फूल चार-चार वेळा मारलं, मुलींनी टेपने मोजलं. हे एकदा जानेवारीत सकाळी केलं आणि पुन्हा एप्रिलमध्ये दुपारी.

जानेवारीत हिरवं पट्ट्याच्या बरंच अलीकडे पडलं, निळं पट्ट्याच्या कडेला, लाल बरोबर आत. एप्रिलच्या दुपारी हिरवं पट्ट्यात आलं, निळं पुढे गेलं, लाल जवळजवळ रेषेवर. भाच्याचं ७७ नंबरचं पिसाचं फूल जानेवारीत बरोबर होतं, एप्रिलमध्ये तेही पुढे गेलं. फुलं तीच, हात तोच, बदलली ती हवा. १० अंशांची हवा आणि ४० अंशांची हवा यात दुसरी हवा जवळपास एक दशांशाने विरळ असते, विरोध कमी करते, म्हणून फूल लांब जातं. उन्हाळ्यात संथ फूल आणि थंडीत वेगवान, हा दुकानदाराचा सल्ला मुलींनी त्या दिवशी स्वतः मोजून खरा केला. आमच्याकडे मात्र बाराही महिने जे मिळेल त्या रंगाचं फूल वापरलं जात होतं.

पण खरा फरक या मोजणीत दिसत नाही. चारही फुलं त्या पट्ट्यात पडतील अशी निवडली, तरी ती तिथं पोचतात वेगवेगळ्या वाटेने. नायलॉनचं फूल पुढे सरकत, लांबट कमान करून येतं. पिसाचं फूल सुरुवातीला सुसाट जातं, मग जणू कुणी मागून ओढल्यासारखं मंदावतं आणि शेवटी जवळजवळ उभं खाली येतं. आम्ही भिंतीवर पाठीमागे चादर लावून मोबाईलवर चित्रण केलं आणि हळू चालवून पाहिलं. दोन्ही कमानी कागदावर काढल्यावर तीच मुलगी म्हणाली, “आपा, मैं यहाँ खडी थी,” आणि तिने पिसाच्या कमानीबाहेर बोट ठेवलं.

हे असं का होतं? पिसांचा घेर ताठ असतो. जोरात मारा की हळू, त्याचा आकार फारसा बदलत नाही, त्यामुळे हवा त्याला सतत पकडून ठेवते. नायलॉनचा घेर लवचीक असतो. जोराचा फटका बसला की तो आत चेपतो, फूल बारीक होतं आणि हवेतून निसटतं. म्हणून नायलॉनचा स्मॅश समोरच्यापर्यंत वेगातच पोचतो. पिसाचा स्मॅश रॅकेटवरून सुटताना कितीही वेगवान असला तरी वाटेत झपाट्याने उतरतो. २०२३ साली सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची गिनीज बुकात ताशी ५६५ किलोमीटर अशी नोंद झाली. तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा. एवढ्या वेगाची वस्तू १३ मीटरच्या कोर्टात परतवता येते ती हवेच्या या विरोधामुळेच.

दुसरा फरक जाळीजवळचा. शटल मारल्यावर ते उलटतं, बूच पुढे येतं. पिसाचं फूल ही कोलांटी पटकन पूर्ण करून सरळ होतं, आणि जाळीजवळ मुद्दाम कापून मारलं तर गिरक्या घेत खाली येतं. नायलॉनला या गिरक्या तितक्या जमत नाहीत. म्हणून जाळीजवळचा नाजूक खेळ नायलॉनवर शिकता येत नाही, आणि जे शिकलंच नाही ते स्पर्धेत येणार कुठून?

आवाजही वेगळा. पिसाच्या फुलाचा ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि फटका मधोमध बसला की नाही हे कानालाच कळतं. नायलॉनचा आवाज बसका. एक मुलगी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून कोणतं फूल आहे ते दहाच्या दहा वेळा ओळखू लागली.

पिसाच्या फुलाचे तोटेही सांगायला हवेत. आमची हवा कोरडी. कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात, दोन चुकीच्या फटक्यांत मोडतात. एक पीस मोडलं की फूल डगमगतं. पिसांना आदल्या दिवशी वाफ दिली तर ती थोडी जास्त टिकतात. आम्ही चहाच्या किटलीच्या तोंडाशी नळी धरून हे केलं. नायलॉनला ही नाटकं लागत नाहीत. शिकाऊ हातात तेच शहाणपणाचं. नायलॉन कमी दर्जाचं आणि पीस उच्च दर्जाचं, अशी माझी मांडणी नाही. वाऱ्यात, मैदानात, रोज तासभर पळायला, हात बसवायला नायलॉनच हवं. माझी तक्रार एवढीच की एकावर शिकवायचं आणि दुसऱ्यावर परीक्षा घ्यायची, तेही मुलाला न सांगता.

ही गोष्ट मला इतकी का लागली, ते शिक्षकांना कळेल. माझ्या वर्गात रोज हेच चालतं. घरी दखनी बोलणारं मूल शाळेत उर्दू वाचतं, पुढे मराठीतून अर्ज भरतं, मराठीतून मुलाखत देतं. “कव्वा” म्हणजे कावळा हे त्याला ठाऊक असतं, कावळ्याच्या सगळ्या सवयी ठाऊक असतात, पण प्रश्नपत्रिकेत “काक” आला की ते थांबतं. बघणाऱ्याला वाटतं, याला काही येत नाही. त्याला सगळं येतं, फक्त ते एक पाऊल मागे उभं असतं. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत या एका पावलापायी शाळा सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. असं मूल वर्गात आलं की मी त्याला मराठीचा वेगळा तास देते, दोन-तीन महिने. बहुतेक मुलांना तेवढे पुरतात. हुशारी तर त्यांच्यात आधीपासून असतेच.

फुलाचंही तसंच करता येईल का, असा विचार केला. रोज पिसाचं फूल परवडणार नाही. पण मोठ्या शहरांतले खेळाडू एक-दोन पिसं मोडलेली फुलं टाकून देतात. भाच्याने आपल्या हॉलमधून अशी पिशवीभर फुलं गोळा करून एसटीने पाठवली. त्यातली अगदी गेलेली वेगळी काढली. उरलेल्यांना वाफ दिली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मंगल कार्यालयात दीड तास फक्त पिसाचं फूल. आधी नुसतं उभं राहून ते कुठं पडतं ते बघायचं, रॅकेट न लावता. मग जाळीजवळचा खेळ, ज्यासाठी मोडक्या पिसांचं फूलही चालतं. शेवटी पूर्ण गेम, तो मात्र चांगल्या फुलाने. बाकी पाच दिवस मैदानावर नायलॉन, वारा आणि ओढणीचं टोक. सातव्या-आठव्या शनिवारपर्यंत मुलींचे पाय आपोआप बदलायला लागले. हातात कोणतं फूल आहे ते पाहून त्या पुढे-मागे उभ्या राहू लागल्या. एखाद्या मुलीला समोरच्या आजीशी दखनीत आणि बसच्या कंडक्टरशी मराठीत बोलताना विचार करावा लागत नाही, तसं.

या खेळाचा इतिहास पाहिला तर ‘असली’ फूल कोणतं, हा वाद तिथंही टिकत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी पुण्याच्या छावणीत हा खेळ खेळायचे. त्याला तेव्हा पूना असंच म्हणत. तिथून तो इंग्लंडला गेला आणि ग्लॉस्टरशायरमधल्या बॅडमिंटन हाऊस या वाड्याचं नाव त्याला चिकटलं. पुण्याचं नाव पुसलं गेलं, खेळ राहिला. दक्षिणेत, तंजावरकडे, पिसांऐवजी लोकरीचा पिवळा चेंडू वापरून उघड्या मैदानात खेळायची रीत रुजली. तो बॉल बॅडमिंटन आजही खेळला जातो. लोकरीच्या चेंडूवर वाऱ्याचं फारसं चालत नाही. म्हणजे जशी हवा तसं फूल, हे शहाणपण या खेळात फार आधीपासून आहे.

आणि आपल्या महाराष्ट्राने या खेळाला नंदू नाटेकर दिले. १९३३ साली सांगलीत जन्मलेल्या नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरची सेलँगोर स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला. जाळीजवळच्या नाजूक खेळासाठी ते ओळखले जात. तो खेळ पिसांचा. मुलींना त्यांच्याबद्दल सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “आपा, सांगलीत हॉल होता का?” मुलींना काय कमी पडतंय ते त्यांना बरोबर कळतं.

पिसांचा काळही बदलतो आहे. पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातल्या उलुबेडियाच्या भागात घरोघर शटल बनवणारे कारागीर आहेत. पिसं निवडायची, कापायची, एकेक करून बुचात खोवायची, दोरा गुंफायचा. त्यांच्या या धंद्याला नायलॉनने मोठा धक्का दिला. दुसरीकडे बदक-हंसांची पिसं महाग होत चालली आहेत. २०२० च्या जानेवारीत जागतिक बॅडमिंटन महासंघाने पिसांसारखी रचना असलेल्या कृत्रिम शटलला २०२१ पासून मान्यताप्राप्त स्पर्धांत वापरायची परवानगी जाहीर केली. तरी मोठ्या स्पर्धा अजून पिसांवरच चालतात. उद्या खरोखरच पिसासारखं उडणारं, नायलॉनसारखं टिकणारं आणि स्वस्त फूल आलं, तर सगळ्यात जास्त फायदा आमच्यासारख्या गावांचा होईल. कारागिरांचं काय, हा प्रश्न तेव्हाही राहीलच.

तोवर करता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. स्पर्धा भरवणाऱ्यांनी पत्रकात कोणतं शटल वापरणार ते महिनाभर आधी लिहावं: पीस की नायलॉन, आणि वेग कोणता. यासाठी एक ओळ लागते, एक पैसा लागत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या पहिल्या फेऱ्या नायलॉनवर घ्याव्यात, कारण त्या वयात खेड्यातल्या मुलांनी दुसरं काही पाहिलेलंच नसतं. आणि शहरातल्या खेळाडूंनी मोडकी फुलं कचऱ्यात टाकण्यापूर्वी जवळच्या एखाद्या शाळेला विचारावं. शाळांसाठीही एक सूचना: फुलं घेताना पट्टीचा रंग बघा. आपल्याकडे मार्च ते जून हिरवं, डिसेंबर-जानेवारीत लाल, मधल्या काळात निळं.

त्या मुलीच्या वडिलांना मी कागदावरच्या दोन कमानी दाखवल्या. ते ट्रॅक्टरचं काम करतात. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “म्हणजे टायर बदलला आणि ड्रायव्हरला सांगितलं नाही, असंच ना?” मी हो म्हणाले. मुलगी आता दहावीत आहे. शनिवारी तीच बाकीच्यांना शिकवते. या वर्षी स्पर्धेला ती जाणार आहे, आणि जाताना तिच्या पिशवीत दोन्ही फुलं असतील.